काटेरी वन वाचावे कसे : दुष्काळाला सरावलेल्या वनस्पतींच्या निरीक्षणाची रीत

ऐन उन्हाळ्यात शुष्क काटेरी वनात गेल्यावर सर्वांत आधी एखाद्या निष्पर्ण झुडपाची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी आणि तिच्या सालीवर अंगठ्याच्या नखाने अगदी हलका ओरखडा काढावा. वरचा करडा पापुद्रा निघताच खाली ओलसर हिरवा थर दिसला, तर ती फांदी जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडे लाकूड दिसले आणि वाकवताच फांदी कटकन मोडली, तर तेवढी फांदी वाळली आहे. लांबून मेलेली वाटणारी दहा झुडपे अशी एकामागून एक तपासली की त्यांतली बहुतेक जिवंत निघतात, आणि काटेरी वनाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज तिथल्या तिथे गळून पडतो. पाने नसणे ही इथे मरणाची खूण नाही. तो पाणी राखण्याचा एक मार्ग आहे. असे मार्ग कितीतरी आहेत, आणि ते साध्या साधनांनी, झाडाला इजा न करता कसे पाहावेत हे पुढे सांगितले आहे.

काटेरी वन कशाला म्हणायचे, हे आधी थोडक्यात पाहू. उष्ण प्रदेशात जिथे वर्षाकाठी साधारणपणे ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, तोही मोजक्या महिन्यांत पडून जातो आणि उरलेले बहुतेक वर्ष कोरडे जाते, तिथे उंच, दाट अरण्य उभे राहत नाही. तिथे खुरटी, विरळ, काटेरी झाडे, मांसल खोडांच्या वनस्पती आणि मधल्या मोकळ्या जागेत गवत अशी रचना तयार होते. हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनप्रकारांची जी सुधारित वर्गवारी मांडली, तीत उष्णकटिबंधीय काटेरी वनांना स्वतंत्र गट दिलेला आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडील काटिंगा, दक्षिण अमेरिकेच्या मध्यभागातील ग्रान चाकोचा कोरडा पट्टा, मादागास्करच्या दक्षिणेकडील काटेरी झाडोरा ही याच जातकुळीतील वने आहेत. ‘काटिंगा’ या तुपी भाषेतील शब्दाचा अर्थच ‘पांढरे वन’ असा आहे, कारण कोरड्या ऋतूत पाने गळाली की फिकट सालीची खोडे तेवढी डोळ्यांत भरतात. तिथल्या लोकांनी आपल्या वनाला नाव दिले ते त्याच्या निष्पर्ण रूपावरून, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पूर्वतयारी

एकाच भेटीत हे वन कळत नाही. म्हणून साधारण २० मीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक तुकडा निवडावा, त्याचे कोपरे मोठ्या दगडांनी लक्षात ठेवावेत आणि तोच तुकडा निदान तीन वेळा पाहावा : कोरड्या ऋतूच्या अखेरीस, पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवडाभरात आणि पाऊस संपता संपता. दर खेपेस एकाच जागी उभे राहून, एकाच दिशेने छायाचित्र घ्यावे. तुकड्यातील झाडाझुडपांना वहीत क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकापुढे पाने आहेत की नाहीत, कोवळी आहेत की जून, फुले किंवा शेंगा आहेत का, एवढे लिहावे. नावे माहीत नसली तरी चालते. ती पुढे कळतात. नोंद मात्र त्या दिवशीची त्या दिवशीच व्हावी लागते.

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, साधा तापमापक, पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पिशव्या, दोरा, लिटमस कागद आणि चिमटा असावा. जाड तळव्याचे बूट घालावेत, कारण बाभळीचा वाळलेला काटा चपलेचा तळवा सहज भेदतो. काटा खोल रुतला तर जखम धुऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी जरूर करावी. शेर, त्रिधारी निवडुंग आणि रुई यांचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे या वनस्पतींना हात लावल्यावर तो धुतल्याशिवाय डोळ्यांकडे नेऊ नये. ही एक सूचना कधीही मोडू नये.

काट्यांपासून सुरुवात

मराठीत आपण सगळ्यांनाच काटा म्हणतो, पण वनस्पतीच्या दृष्टीने काटे तीन प्रकारचे असतात आणि तो फरक ओळखता आला की अर्धी ओळख तिथेच पटते. पहिला प्रकार पानाच्या किंवा उपपर्णाच्या, म्हणजे पानाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानासारख्या अवयवाच्या, रूपांतराचा. बाभळीची डहाळी हातात घेऊन भिंगातून पाहावी : प्रत्येक पानाच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, एकेक सरळ पांढरा काटा असतो. ही जोडी म्हणजे बदललेली उपपर्णे होत. बोरीतही काटे याच जागी असतात, पण तिथे जोडीतला एक बहुधा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला आढळतो. दुसरा प्रकार फांदीच्या रूपांतराचा. तो ओळखण्याची कसोटी अशी की काटा पानाच्या बगलेतून, म्हणजे जिथून एरवी फांदी फुटते तिथून निघतो किंवा फांदीच टोकाला काटा होऊन संपते. हिंगणबेटाचा हिरवा, लांब काटा असा असतो. हेकळाच्या काट्यावर तर पाने आणि फुलेही उगवलेली दिसतात. काटा ही मुळात फांदीच आहे याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा? तिसरा प्रकार केवळ सालीच्या उंचवट्याचा, गुलाबाच्या काट्यासारखा. असे काटे बाजूने दाबल्यास बऱ्याचदा सालीसकट सुटून येतात आणि त्यांना पानाच्या जागेचे बंधन असेलच असे नाही. शमीचे बुटके काटे दोन पानांमधल्या मोकळ्या भागावर विखुरलेले असतात, ते यातले.

आता काटे कुठे, किती आणि केवढे हे मोजावे. एकाच बाभळीवर जमिनीपासून मीटरभर उंचीवरचे दहा काटे मोजून त्यांची सरासरी लांबी काढावी. मग आकडीच्या काठीने वरची एखादी फांदी हलकेच खाली ओढून तिथले दहा मोजावेत. चरणाऱ्या जनावरांचे तोंड पोहोचते त्या उंचीवरील, वारंवार खुडल्या गेलेल्या फांद्यांवर काटे पुष्कळदा अधिक लांब आणि दाट असतात. केनियातील एका बाभूळवर्गीय झाडावर ट्रुमन यंग आणि बेल ओकेलो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या शाकाहारी प्राण्यांना कुंपणाने दूर ठेवल्यावर नवे काटे आखूड येऊ लागल्याचे दिसले. काटा बनवायला झाडाला काहीतरी खर्चावे लागते आणि गरज संपली की तो खर्च आवरता घेतला जातो, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पाण्याच्या तुटवड्यात वाढलेले प्रत्येक पान मोलाचे असते आणि गमावलेले पान पुन्हा फुटायला पुढचा पाऊस यावा लागतो; म्हणून काटा हे मुख्यतः पानांच्या राखणीचे साधन आहे.

ही राखण कधी कधी काट्यापुरती थांबत नाही. बाभळीच्या पानाचा देठ भिंगाखाली धरला तर त्यावर एखाद-दुसरी इवलीशी, खोलगट ग्रंथी दिसते. कोवळ्या पानांच्या काळात तिच्यात गोड स्राव असतो आणि मुंग्या तो प्यायला येतात. थोडा वेळ हालचाल न करता उभे राहिले तर एखादी मुंगी देठावर थबकलेली, डोके ग्रंथीत घातलेली पाहायला मिळते. मध्य अमेरिकेतील एका बाभूळवर्गीय झाडाने हे नाते टोकाला नेले आहे : त्याचे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर, पोकळ काटे हीच मुंग्यांची घरे असतात. त्या झाडावरून मुंग्या हटवल्या की पाने खाणारे किडे आणि भोवतालच्या वेली त्याला पार हैराण करतात, हे डॅनियल जॅन्झेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. जाता जाता मोठ्या काट्यांवर एखादा नाकतोडा किंवा सरडा टोचलेला आहे का, हेही पाहावे. खाटीक पक्षी आपले भक्ष्य असे अडकवून ठेवतो.

पाने : किती, केवढी आणि केव्हा

काटेरी वनातील पानांचा आकार योगायोगाने लहान राहिलेला नाही. बाभूळ, खैर, हिवर यांचे पान असंख्य बारीक पर्णिकांत विभागलेले असते. मोठे, सलग पान उन्हात आजूबाजूच्या हवेपेक्षा पुष्कळ तापते आणि मग स्वतःला थंड ठेवायला त्याला पाणी सोडावे लागते; बारीक पर्णिकेची उष्णता मात्र वाऱ्याबरोबर लगेच निघून जाते. सकाळी, भर दुपारी आणि सूर्यास्तानंतर एकाच डहाळीचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे पर्णिका कधी पसरतात, कधी तिरप्या होतात आणि कधी मिटतात हे कळते.

बोराचे पान उलटून पाहावे. वरची बाजू गुळगुळीत हिरवी, तर खालची दाट पांढुरक्या लवीने भरलेली असते. पानाची बहुतेक श्वासद्वारे, म्हणजे पर्णरंध्रे, या खालच्या बाजूस असतात आणि लव त्यांच्यालगतची ओलसर हवा धरून ठेवते. रुईच्या पानावर बोट फिरवले तर मेणासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. भुकटी पुसलेल्या आणि न पुसलेल्या जागी पाण्याचा एकेक थेंब सोडून त्यांचा आकार पडताळावा. पर्णरंध्रे प्रत्यक्ष पाहायची असतील तर लव नसलेल्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर चिकटपट्टीने अलगद उचलावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठे दाखवतो; या कामाला तो पुरेसा आहे.

पिशवीचा प्रयोग सोपा आहे, पण तो काळजीपूर्वक करावा. साधारण सारख्याच लांबीच्या दोन डहाळ्या, एक पानांनी भरलेली आणि एक निष्पर्ण, निवडून प्रत्येकीला पारदर्शक पिशवी दोऱ्याने घट्ट बांधावी. सकाळच्या उन्हात अर्ध्या तासाने पानांच्या पिशवीत आतून बाष्प धरलेले दिसते, निष्पर्ण पिशवी जवळपास कोरडी राहते. त्याहून जास्त वेळ पिशवी ठेवू नये, नाहीतर आतली डहाळी उष्णतेने होरपळते. पाने गाळून झाड नेमके काय वाचवते, ते शब्दांपेक्षा या दोन पिशव्या अधिक चांगले सांगतात.

पाने केव्हा येतात, हा प्रश्न मात्र एका दिवसात सुटत नाही आणि माझ्या मते या वनांतील सर्वांत गोड अभ्यास तोच आहे. उत्तर अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशातील ओकोटियो हे झुडूप पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत पानांनी भरून जाते, जमीन सुकली की ती गाळते आणि वर्षातून अनेकदा असे करू शकते. लांब फांद्यांवरील पहिल्या पानांचा देठच मागे उरून त्याचा काटा होतो. आफ्रिकेतील फैदर्बिया आल्बिडा हे झाड तर उलट्या वेळापत्रकाने चालते : पावसाळ्यात निष्पर्ण, कोरड्या ऋतूत हिरवेगार. काही झाडे पाऊस येण्याआधीच, ऐन कोरड्या दिवसांत पालवतात, कारण त्यांच्या खोडात किंवा मुळांच्या टप्प्यात पाणी शिल्लक असते. मादागास्करमधील गोरखचिंचेच्या जाती खोडातले पाणी मुख्यतः याच नव्या पालवीसाठी वापरतात. म्हणूनच तुकड्यातील प्रत्येक झाडापुढे पालवीची तारीख लिहावी; दोन वर्षांच्या नोंदी जमल्या की कोणते झाड पावसाच्या भरवशावर आहे आणि कोणते साठ्याच्या, हे आपोआप वेगळे पडते.

खोड आणि साल

पान नसलेली वनस्पती अन्न कशी तयार करते? उत्तर बहुतेक वेळा खोडाच्या रंगातच असते. नेपतीच्या हिरव्या, काटेरी फांद्यांवर पाने कोवळेपणी थोडा काळच टिकतात. नंतरचे काम फांद्या करतात. शेराच्या पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्याही तशाच. सालई आणि गुग्गुळ यांची साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. आधीच सुटून लोंबणारा एखादा पापुद्रा किंचित उचलून खाली पाहिले तर हिरवट थर दिसतो. न सुटलेली साल कधीही ओढू नये. गुग्गुळ तर डिंकासाठी खाचा पाडून इतका ओरबाडला गेला आहे की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

निवडुंग या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळी कुळे एकत्र बांधतो. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेतील कॅक्टस कुळाचा. त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातील, शेराचा भाऊबंद. एकमेकांपासून महासागराइतके दूर वाढलेल्या या दोन घराण्यांनी दुष्काळाच्या एकाच प्रश्नाला जवळजवळ एकच उत्तर शोधले : पाने टाका, खोड फुगवा, त्यावर काटे लावा. ओळखण्याची रीत अशी. फड्यावर काटे पुंजक्यांत असतात आणि प्रत्येक पुंजका एका छोट्या, लोकरी उशीतून निघतो. अशी उशी केवळ कॅक्टसलाच असते. त्रिधारीवर धारेच्या उंचवट्यांवर आखूड काट्यांची जोडी असते आणि जखम झाल्यास पांढरा चीक वाहतो. चीक पाहण्यासाठी मुद्दाम जखम करू नये, वाऱ्याने किंवा गुरांनी मोडलेला तुकडा बहुधा आसपास मिळतोच. फड्याच्या उशीत डोळ्यांना जेमतेम दिसणारी कुसेही असतात. ती बोटांत गेली तर चोळू नयेत, चिकटपट्टी लावून ओढावीत आणि उरलेली चिमट्याने काढावीत.

या मांसल वनस्पतींची खरी करामत रात्री चालते. त्या दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात, रात्रीच्या थंडाव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतात. यामुळे त्यांचा रस पहाटे आंबट आणि संध्याकाळी तसा नसतो. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन यांनी १८१३ मध्ये पानफुटीच्या पानाची ही बदलती चव नोंदवली होती. आज चव घेण्याची गरज नाही आणि अनोळखी वनस्पतीची तर मुळीच घेऊ नये. पानफुटीचे एक पान पहाटे आणि दुसरे सूर्यास्ताच्या सुमारास चुरडून निळ्या लिटमस कागदावर दाबावे; पहाटेच्या पानाने कागद अधिक लाल होतो. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी ही वनस्पती दोन्ही पद्धती बाळगून आहे : पावसाळ्यातील तिची पाने सर्वसाधारण पानांसारखी दिवसा काम करतात आणि ती गळाल्यावर मांसल खोड रात्रीच्या पद्धतीने पुढे चालवते. ती दुर्मीळ आहे. तिला पाहावे ते दुरूनच.

जमिनीखाली आणि जमिनीलगत

मुळे खणून पाहायची नाहीत. ओढ्याने कापलेली दरड शोधावी, तिथे मुळांचा पसारा आयताच उघडा पडलेला असतो. ॲरिझोनातील एका उघड्या खाणीत शमीच्या प्रजातीतील एका झाडाचे मूळ ५३ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद १९६३ ची आहे. याउलट निवडुंगांची मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली असतात, म्हणजे हलक्या सरीचे पाणीही खाली मुरण्याआधी टिपता येते. काटिंगातील उंबू हे आपल्या अंबाड्याच्या प्रजातीतील झाड मुळांवरील गाठींत पाणी साठवते. कोरड्या ऋतूच्या अखेरीस कोण हिरवे आहे, या नोंदीवरूनच खोल मुळांच्या झाडांचा बराचसा अंदाज बांधता येतो.

काटेरी झुडपाच्या पोटाशी मात्र वाकून, प्रसंगी गुडघ्यांवर बसून पाहावे. भर दुपारी तापमापक आधी मोकळ्या जमिनीवर आणि मग झुडपाच्या सावलीत ठेवला तर कित्येक अंशांचा फरक मिळतो. सावलीत पालापाचोळा साठलेला असतो आणि गुरांचे तोंड पोहोचत नाही अशा त्या जागी दुसऱ्याच झाडांची रोपे तग धरून असतात. अशी रोपे मोजून लिहावीत. एखाद्या जागी ‘साफसफाई’ म्हणून झुडपे तोडली जातात, तेव्हा पुढच्या पिढीची ही रोपवाटिकाही जाते, याचे मला मनापासून दुःख होते.

मोकळ्या जागेतील कुसळी गवताचे एक कुसळ तळहातावर घेऊन त्याच्या पिळावर पाण्याचा थेंब सोडावा. पीळ उलगडू लागतो आणि कुसळ हातावर हळूहळू फिरते. वाळले की पुन्हा वळते. ओल-सुकीच्या या फेऱ्यांनी टोकदार बी स्वतःला मातीत रुजवून घेते.

आणखी एक ओळख पक्की करावी. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेतली असून तिने अनेक काटेरी वने व्यापली आहेत. साध्या बाभळीची फुले पिवळे गोल गेंद असतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी मधे मधे आवळलेली असते. वेड्या बाभळीची फुले फिकट पिवळ्या, लांबट तुऱ्यांत येतात आणि शेंग पिवळसर, गरयुक्त व न आवळलेली असते. तुकड्यात दोन्ही असतील तर दोहोंच्या खाली किती जातींची रोपे वाढतात ते स्वतंत्र लिहावे.

पहिल्या पावसानंतर तुकड्यावर परतताना जुनी वही बरोबर न्यावी आणि उन्हाळ्यात ज्या फांद्यांवर नखाने ओरखडा काढून ‘जिवंत’ असे लिहिले होते, त्याच फांद्या क्रमाने शोधाव्यात. कोणत्या पेरावर पहिला अंकुर आला, तो काट्याच्या वर की खाली, आणि पावसाला किती दिवस झाले होते, हे प्रत्येक क्रमांकापुढे लिहून घ्यावे.